पाळीवरची हाक

रीनाला दचकायला फार काही लागत नसे. कुकरची शिट्टी पुरे, पाठीमागून कोणी नुसतं 'अगं' म्हटलं तरी पुरे. ब्रह्मपुरीच्या कॉलेजात एकदा बरणीतला बेडूक हलल्यासारखा वाटला, तेव्हा तिने अशी किंकाळी फोडली होती की शेजारच्या वर्गातले सर हातातल्या खडूसकट धावत आले होते. एरवी हे हसण्यावारी गेलं असतं; पण सिंदेवाहीजवळच्या मामा तलावाचं, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावाचं, राखीव पाणथळ झालं, तिथे निसर्ग मार्गदर्शक नेमायचं ठरलं, आणि पक्ष्यांची नावं तोंडपाठ असलेली रीना पाहुण्यांबरोबर दोनदा नावेत बसली ती दोन्ही वेळा अख्खा तलाव उडवून परत आली.

"पाहुणे पक्षी पाहाले येतेत, रीना, पक्ष्यांच्या शेपट्या पाहाले नाई," निवड करणारे प्रफुल सर म्हणाले होते. "आज अखेरचा चान्स. आज ओरडलीस, तं मी दुसरी पोरगी पाहीन."

थंडीतली सकाळ होती. चंद्रपूरहून आलेलं एक हसरं कुटुंब तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, चहा पीत होतं. दोन डोंगे, म्हणजे पोखरलेले ओंडके, जोडून केलेली आपली नाव इस्तारीभाऊ काठाला लावत होते, आणि त्यांची बायको वच्छलाबाई उकडलेल्या शिंगाड्यांच्या पुड्या बांधत होती.

"आज कोनाले भेवशील वं पोरी?"

"कोनालेच नाई, बाई."

"मंग माशाईनंच भ्यावं आता!" बाई खदखदून हसली.

या बाईचा एक नेम होता, तिच्या सासूपासून चालत आलेला. नाव परतली की ती पाळीवर उभी राहून नावेतल्या एकेकाला नावानिशी हाक मारायची. ज्याने त्याने आपल्या तोंडाने 'ओ' द्यायचा आणि मगच जमिनीवर पाय ठेवायचा. पाहुण्या काकूंना याची भारी गंमत वाटली.

"अहो, माणसं तर समोर दिसतातच की!"

"दिसतेत ना, बाई," वच्छलाबाई पुडीला गाठ मारत म्हणाली. "पन दिसन्याचं काय? मानूस अख्खा आला का नाई, ते 'ओ' वरूनच समजते."

प्रफुल सरही बसले आणि नाव निघाली. ऊन कोवळं होतं, पाण्यावरचं धुकं विरत चाललं होतं, आणि कमळाच्या पानांवरून लांब बोटांचे कमळपक्षी लग्नघरातल्या पोरींसारखे लगबगीने इकडून तिकडे पळत होते. रीना हलक्या आवाजात एकेक दाखवत गेली: ती बुडी मारून भलतीकडेच वर येणारी टिबुकली, ती शीळ घालणारी अडई बदकं, तो पंख वाळवत बसलेला पाणकावळा. काकू हरखून गेल्या. काकांनी तर "वा पोरी!" म्हणून टाळी वाजवायला हात उचलले, आणि सरांनी ते हवेतच धरले.

तलावाच्या टोकाला, कमळांच्या दाट गर्दीत, एक जांभळा बगळा मान ताणून उभा होता. इस्तारीभाऊंनी बांबू पाण्यात रोवून नाव थोपवली. सगळे श्वास रोखून बघत होते, आणि तेवढ्यात पाण्यातून एक भलीमोठी मरळ उसळली ती थेट रीनाच्या मांडीवर येऊन आपटली.

किंकाळी गळ्यापर्यंत आली. रीनाला सरांचे शब्द आठवले. तिने ओढणीचा बोळा तोंडात कोंबला, डोळे मिटले आणि ती किंकाळी गिळली; अख्खी सुपारी गिळावी तशी, छातीतून खाली उतरताना कळेल अशी.

बगळा हललाही नाही. सरांनी अंगठा वर केला. मरळ पुन्हा पाण्यात गेली.

जरा वेळाने, मागच्या कमळांतून एक बारीक, चिरकी आरोळी आली. तिकडचे कमळपक्षी भुर्रकन उडाले.

"हा कोणता हो पक्षी?" काकांनी विचारलं.

प्रफुल सरांनी कान दिला. "काय माहीत. असा आवाज तं कधी आयकला नाई."

"मले वाटते रीनाच हाय!" इस्तारीभाऊ म्हणाले, आणि सगळे तोंडावर हात ठेवून हसले. रीनाही हसली. नावेला घासून पाणसाप गेला, इस्तारीभाऊंच्या हातून बांबू निसटून धाडकन फळीवर पडला. तिच्या काळजात लक्कसुद्धा झालं नाही. इतकं हलकं तिला उभ्या जन्मात वाटलं नव्हतं. परतताना ती मजेत शिंगाडे सोलून खात होती.

पाळीवर वच्छलाबाई उभी होती. एकेकाला हाक गेली, एकेकाचा 'ओ' आला. काकांनी तर शाळेतल्या हजेरीसारखा ठणठणीत दिला.

"रीनाऽ!"

रीनाच्या तोंडात शिंगाडा होता. थांबा, अशा अर्थाने तिने हात वर केला.

"ओऽ!"

आवाज तिचाच होता. तो मागून आला, पाण्यावरून, कमळांच्या बाजूने.

काका काहीतरी विनोद करत होते, काकू चप्पल शोधत होत्या. इस्तारीभाऊंचा बांबू तेवढा क्षणभर थांबला. रीनाने घाईघाईने घास गिळून 'ओ' म्हणायला तोंड उघडलं, पण तोवर सरांनी तिला हात देऊन खाली उतरवलंसुद्धा.

"आले ना सगळे?" त्यांनी विचारलं.

वच्छलाबाई रीनाकडे बघत नव्हती. "'ओ' तं आला," ती म्हणाली.

"रीना, उद्यापासून ये तू. पक्की झालीस!" सर म्हणाले.

काकूंनी तिला मिठी मारली, इस्तारीभाऊंनी उरलेले शिंगाडे तिच्या ओढणीत ओतले. आईला कधी एकदा सांगते असं झालेली रीना फोनला रेंज शोधत पाळीवरून पुढे गेली. वाटेत पाण्याच्या कडेला एक वंचक बगळा बसला होता. माणूस दुरून दिसला तरी 'क्वॉक' करून उडणारा. ती सवयीने थबकली. मग एक पाऊल पुढे टाकलं. मग आणखी एक. तो पाण्याकडेच बघत राहिला. ती त्याच्या इतक्या जवळ गेली की तिच्या ओढणीचं टोक त्याच्या पाठीवरून फिरलं. त्याने मानही वळवली नाही.

रीनाने टाळी वाजवली. पुन्हा वाजवली, जोरात.

मागे, कमळांच्या गर्दीतून, तिचीच ओळखीची किंकाळी आली, आणि तेव्हा कुठे वंचक उडाला.