मागच्या कोपऱ्यातली पिशवी

रक्तपेढीत तिला सगळे ताई म्हणत. ताई कामाला वाघ. लोकांनी दिलेलं रक्त ती यंत्रात घालून गरागरा फिरवायची, मग ते निमूट वेगळं व्हायचं. जड तांबड्या पेशी तळाशी, त्यांच्यावर पांढऱ्या पेशींचा पापुद्रा आणि सगळ्यांत वर पिवळसर प्लाझ्मा. नव्या मुलींना ती सांगायची, "तांबड्या पेशी श्वास पोचवतात, पांढऱ्या भांडतात, प्लेटलेट्स जखमेला बूच लावतात. आणि प्लाझ्मा बिचारा बाकी सगळी ओझी वाहतो. साखर, मीठ, ऊब, रक्त गोठवणारी द्रव्यं, सगळं त्याच्याच डोक्यावर. प्रत्येक घरात असतो बघा असा एक."

तिच्या घरात तो एक म्हणजे तिचा धाकटा भाऊ. तिच्याच धाकानं रक्त द्यायला यायचा. "लहानपणी डोकं खाल्लंस, आता रक्त पी," असं म्हणून खुर्चीत ऐसपैस पसरायचा. गेल्या वर्षी असाच येऊन गेला आणि थोड्याच दिवसांत गाडीवरून घसरला. दवाखान्यापर्यंत पोचलाच नाही. त्याच्या तांबड्या पेशी, प्लेटलेट्स कुणाकुणाला चढून गेल्या. प्लाझ्मा मात्र फ्रीझरमध्ये गोठून राहिला.

पिशवीवर नाव नसतं, पण ताईला नंबर ठाऊक होता. जुनी पिशवी आधी द्यायची, असा नियम. तिनं ती मागच्या कोपऱ्यात सरकवली आणि प्रत्येक वेळी दुसरीच काढून दिली. भावाचा गट एबी. त्याचं रक्त सगळ्यांना चालत नाही, पण प्लाझ्मा कुणालाही चालला असता, म्हणजे ही चोरी काही लहानसहान नव्हती.

तेव्हापासून तो फ्रीझर तिच्या मानगुटीवर बसला. दार उघडलं की पाठीमागे कुणी उभं आहे असं वाटायचं, आणि वळून बघायचा धीर व्हायचा नाही. लहानपणी गालगुंड आधी तिला झालं होतं, मग तिच्या अंथरुणात लोळून त्याला. त्या दुखण्याशी लढताना त्याच्या अंगात जी प्रतिद्रव्यं तयार झाली, ती अजून त्या पिशवीत असणार. माणूस गेला होता आणि त्याचं रक्त तिचं आजारपण विसरायला तयार नव्हतं.

प्लाझ्माची मुदत वर्षाची. ती संपत आली. संपली की पिशवी थेट भट्टीत.

एका दुपारी खोलीत कुणी नव्हतं. ताईनं पिशवी बाहेर काढली. दगड नुसता. एकदा, फक्त एकदा, तो गार नसताना त्याला हात लावावा, एवढंच तिच्या मनात आलं. तिनं पिशवी सदतीस अंशाच्या पाण्यात सोडली. वितळल्यावर पुसून गालाशी धरली. जिवंत माणसाचं अंग जेवढं ऊन असतं, तेवढीच ऊन.

"आलास?" ती म्हणाली आणि ढसाढसा रडली.

रडं ओसरल्यावर तिच्या पायाखालची जमीन सरकली. वितळलेला प्लाझ्मा पुन्हा गोठवता येत नाही. उद्या दुपारपर्यंत कुणाला चढला नाही तर तो कचऱ्यात. दुसऱ्यांना हजारदा बजावलेली गोष्ट ती स्वतः विसरली होती. तिनं पिशवी साध्या फ्रिजमध्ये ठेवली आणि फोनपाशी बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिपाईमामा चहा घेऊन आले. "ताई, कालपासून प्लाझ्मासाठी एक फोन नाही. बरंय, सगळे सुखरूप दिसतात."

"का नाही आला?" ताई खेकसली. "एवढं मोठं इस्पितळ, आणि एकालाही लागू नये?"

मामा कप हातात धरून तिच्याकडे बघतच राहिले. "असं काय बोलता, ताई?"

तिनं जीभ चावली. पण मन थांबेना. कुणीतरी, ते म्हणत होतं. भाजलेला असो, चिरडलेला असो, कुणीही. खोलीत आता भाऊ एकटा नव्हता. ती ज्यांना बोलावत होती ती सगळी माणसं दाटीवाटीनं तिच्या मागे उभी होती.

मुदत भरत आली आणि फोन वाजला.

"बाळंतीण आहे," डॉक्टरीणबाई पलीकडून धापा टाकत म्हणाल्या. "रक्त गोठतच नाहीये. प्लाझ्मा वितळायला टाका, लवकर!"

"एक पिशवी तयार आहे. ही पुढे पाठवते, बाकीच्या वितळवते."

"तयार?" बाईंनी विचारलं. "तुम्हाला आधीच कसं कळलं?"

ताईच्या चेहऱ्यावर हसू होतं. फोन वाजल्या वाजल्या फुटलेलं ते हसू तिला अजून आवरत नव्हतं.

बाळंतीण वाचली. संध्याकाळी मामा धावत सांगायला आले. "तुमच्या हाताला यश आहे, ताई!"

आता फ्रीझर उघडताना पाठीमागे कुणी नसतं. पण फोन वाजला की ताई दचकते, पलीकडच्या अनोळखी माणसाची मनातल्या मनात माफी मागते आणि मगच तो उचलते.