अफीफाचा खो

आपल्या पोरीला कमी ऐकू येतं, हे मोहिउद्दीन बुबेरेला ती अकरा वर्षांची झाल्यावर कळलं. यावर कुणीही म्हणेल, हा बाप आहे की दगड? पण असं म्हणणाऱ्याने एकदा भिवंडीत, धामणकर नाक्यामागच्या गल्लीत मोहिउद्दीनच्या घरी चहाला यावं. खाली कापड विणणारे बारा लूम आणि वर बिऱ्हाड. लूम चालू असताना तिथे कुणालाच काही ऐकू येत नाही. खिडकीच्या काचा दिवसभर थरथरतात आणि माणसं हातांनी बोलतात. अंगठा तोंडाकडे नेला की चहा, दोन बोटं कात्रीसारखी हलवली की धागा तुटला, कपाळाला हात लावला की शेठ आला. उरलेलं ओठ बघून ओळखायचं. मोहिउद्दीनची बायको रुकय्या जेवायला हाक मारत नसे, जिन्यातल्या दिव्याचं बटण दोनदा खालीवर करायची.

अशा घरात कमी ऐकू येणारं मूल सगळ्यात हुशार वाटतं. अफीफा पाच वर्षांची असल्यापासून पलीकडच्या भिंतीपाशी उभ्या असलेल्या कारागिराचे ओठ वाचायची. "आमच्या पोरीला सांगायच्या आधी कलतं," असं मोहिउद्दीन गल्लीभर सांगत सुटला होता. ती फार बोलत नाही याचंही त्याला कौतुकच होतं. तो स्वतः तोंडाचा फाटका, घरात एक तरी शांत माणूस निघालं म्हणून तो खूश होता.

पोरगी सहावीत मोठ्या शाळेत गेली आणि महिन्याभरात तिथल्या विनिता बाईंनी त्याला बोलावून घेतलं. या बाई मराठी शिकवायच्या आणि मुलींचा खो-खोही घ्यायच्या.

"तुमच्या मुलीचे कान तपासून घ्या," बाई म्हणाल्या.

मोहिउद्दीन उसळला. "बाई, माझ्या पोरीला बहिरी म्हणताय? तिला समदं कलतं!"

बाईंनी वाद घातला नाही. अफीफा व्हरांड्यात पाठमोरी बसून बुटाची नाडी बांधत होती. बाई तिच्या मागे चार पावलांवर जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी तिला हाक मारली. मग मोठ्याने मारली. तिसऱ्यांदा तर शेजारच्या वर्गातली मुलं खिडकीशी जमा झाली. अफीफा नाडी बांधत राहिली.

मोहिउद्दीन मट्कन बाकावर बसला. अभ्यासात लक्ष नाही म्हणून त्याने पोरीला किती वेळा झापलं होतं. मागून हाक मारली आणि ती आली नाही, म्हणून एकदा हातही उगारला होता. ते सगळं आठवून त्याला आपलीच लाज वाटली, आणि बाईंसमोर डोळे पुसायचीही चोरी झाली.

मग डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, कानाला मशीन आलं. मशीनने ऐकू येऊ लागलं, पण तोंड उघडेना. अकरा वर्षं शब्द अर्धेमुर्धे कानावर पडलेले, त्यामुळे उच्चार बोबडे यायचे. वर्गात कुणीतरी एकदा नक्कल केली आणि पोरीने ओठ शिवून टाकले. तिला जे काही म्हणायचं असेल ते ती मैदानात पायांनी म्हणायची. आणि पाय असे, की संघाची कप्तान ऋतिका, दापोड्याची आगरी पोर, जी सहसा कुणाला चांगलं म्हणत नसे, तीसुद्धा म्हणाली, "बाई, ही पोर उडतंय."

खो-खोत ती शोभायचीही. पाटीवर बसलेल्या इतर मुली आरडाओरड्याने फसून आधीच उठायच्या. अफीफा पाठीवर हात पडल्याशिवाय जागची हलायची नाही. धावणाऱ्या मुलीचा खांदा कुठे झुकतोय ते बघून ती कुठे वळणार हे ओळखायची. लूमवर वाढलेली नजर होती ती, तिच्यातून काही सुटत नसे.

फक्त एक भानगड होती. खो देताना बसलेल्या मुलीच्या पाठीवर हात पडला पाहिजे आणि त्याच क्षणी तोंडातून "खो" निघाला पाहिजे. पंचाला ऐकू येईल इतका मोठा. नाही निघाला तर शिट्टी, चूक, आणि तेवढ्यात समोरची मुलगी पार दुसऱ्या टोकाला. अफीफाचा हात पडायचा, ओठ हलायचे, आवाज मात्र घशातच राहायचा. शेजारच्या शाळेशी झालेल्या सरावाच्या सामन्यात पंचांनी सात वेळा शिट्टी वाजवली. संघ हरला.

"तालुक्याच्या सामन्यांना तीन आठवडे आहेत," विनिता बाई मोहिउद्दीनला म्हणाल्या. "तोवर आवाज निघाला तर ती खेळेल. नाही निघाला तर मला तिला बाहेर बसवावं लागेल. बाकीच्या आठ जणींवर अन्याय होतो."

मोहिउद्दीनने घरी येऊन पोरीला हातांनी हे सांगितलं. ती ताटावरून उठून गेली. तिच्यापाशी स्वतःची म्हणावी अशी ती एकच गोष्ट होती, आणि तीही आता जाणार, हे बापाला समोर दिसत होतं.

शाळेच्या कपाटात दोन वर्षांपासून बारा टॅबलेट कुलपात होते. कुणीतरी मोठ्या मनाने दिलेले. मुलं बिघडवतील म्हणून शाळेने त्यांच्यावरचं प्लास्टिकसुद्धा काढलं नव्हतं. विनिता बाईंनी कुलूप उघडायला लावलं, वहीत सही केली आणि एका टॅबलेटवर बोलायला शिकवणारा एक खेळ घातला. पडद्यावर एक पिवळा पक्षी. आवाज काढला की तो वर उडायचा, आवाज मोठा आणि स्वच्छ असला की तारेवर जाऊन बसायचा. ज्याला आपलाच आवाज नीट ऐकू येत नाही, त्याला तो डोळ्यांनी दाखवायची ही युक्ती होती. तो टॅबलेट घेऊन ऋतिका दुसऱ्याच दिवशी शाळा सुटल्यावर अफीफाबरोबर घरी हजर झाली.

मोहिउद्दीनला हे प्रकरण मुळीच पटलं नव्हतं. मोबाईलने पोरं वाया जातात, असं त्याचं ठाम मत होतं. हे मत तो स्वतः मोबाईलवर क्रिकेट बघता बघता मांडायचा. तरी तो बघायला बसला.

ऋतिकाने टॅबलेट चालू केला आणि पक्षी सुटला तो थेट आभाळात जाऊन चिकटला. अफीफाने तोंडही उघडलं नव्हतं.

"ए, हे बिघाडलेला दिसतंय," मोहिउद्दीन ओरडला. शाळेचा माल, दुसरं काय असणार!

ऋतिकाने टॅबलेट खिडकीपाशी नेला, जिन्यात नेला, गादीखाली घातला. पक्षी वरच. मग तिने मोहिउद्दीनकडे बघितलं. "चाचा, बिघाडलेला न्हाय. यो तुमच्या लूमचा आवाज हाय. यात अफीफाचा आवाज कुठला, त्याला कलतच न्हाय."

मोहिउद्दीन त्या पक्ष्याकडे बघत राहिला. अकरा वर्षं त्याला जे कळलं नव्हतं, तेच त्या पक्ष्यालाही कळत नव्हतं. मग तो खाली गेला आणि त्याने मेन स्विच ओढला.

बारा लूम थांबले. कारागीर धावत आले, कुणाला वाटलं आग लागली, कुणाला वाटलं शेठला काही झालं. मोहिउद्दीनने सगळ्यांना एकदम चहाला पाठवलं. गल्लीत हे अघटितच होतं. लूमवर चहा पाळीपाळीने घ्यायचा असतो, एक जण पिईल तेव्हा दुसरा त्याचे लूम बघेल. सगळ्यांनी मिळून चहा ईदच्या सुट्टीलाच प्यायचा.

पण पक्षी अजून अर्ध्यावरच उतरला होता. डावीकडे शेजारच्या तुळशीरामचे सोळा लूम दणदणत होते. तुळशीराम आणि मोहिउद्दीन यांचं गटाराच्या पाण्यावरून चार वर्षं बोलणं बंद होतं. मोहिउद्दीन त्याच्या दारात जाऊन उभा राहिला.

"साडेपाच ते सहा लूम बंद ठेवशील काय? तीन आठवडे."

"यडा झालास काय रे?" तुळशीराम म्हणाला.

"पोरीला खो बोलायला शिकवायचा हाय."

तुळशीरामने त्याला दोनदा ते पुन्हा सांगायला लावलं. मग तो जिना चढून वर आला, ऋतिकाकडून टॅबलेट मागून घेतला, पक्ष्याकडे बघितलं, अफीफाकडे बघितलं. खाली जाताना तो एवढंच म्हणाला, "माझ्या माणसांचा चहा पन आता साडेपाचलाच." गटाराचा विषय त्याने काढला नाही.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी अर्धा तास गल्लीचा तो तुकडा गप्प होऊ लागला. पहिल्या आठवड्यात पक्षी वीतभरही उडेना. अफीफा लाजायची, तोंडावर ओढणी घ्यायची. मग ऋतिकाने एक शक्कल काढली. ती स्वतः टॅबलेटसमोर बसून मुद्दाम घोगरे, फाटके, गाढवासारखे खो काढू लागली. अफीफा खो खो हसली, आणि तिच्या हसण्यानेच पक्षी भुर्रकन तारेवर जाऊन बसला. पोरीने ते बघितलं. आपल्या पोटातून एवढं मोठं काहीतरी निघू शकतं, हे तिला आयुष्यात पहिल्यांदा दिसलं होतं. तिने पोटावर हात दाबला, तिथूनच जोर काढला, आणि पक्षी पुन्हा उडाला. जिन्यात चहाचे ग्लास घेऊन उभ्या असलेल्या अठ्ठावीस लूमच्या कारागिरांनी टाळ्या वाजवल्या. रुकय्या तोंड फिरवून रडली. मोहिउद्दीन उघडउघड रडला, त्याला आता कसलीच चोरी नव्हती.

तालुक्याचा अंतिम सामना अंबाडीला, अंबाडीच्याच संघाशी. मैदान वाडा रस्त्याला लागून, मागे ट्रकांची रांग आणि पुढे अंबाडीची अख्खी बाजारपेठ आपल्या पोरींना ओरडून बळ द्यायला आलेली. खेळताना घामाने बिघडतं म्हणून अफीफाने कानाचं मशीन काढून बाईंच्या हातात दिलं. मोहिउद्दीन मैदानाभोवतीच्या दोरीपाशी जाऊन उभा राहिला.

शेवटच्या पाळीत भिवंडीच्या मुली पाठलागावर होत्या. दोन गडी बाद केले तर त्या जिंकणार होत्या. वीस सेकंद उरली असताना अफीफाने खांबापाशी सूर मारला आणि एकीला टिपलं. आता एकच हवी होती, आणि मैदानात उरली होती ती अंबाडीची दर्शना. तिला सामन्यांच्या दोन दिवसांत कुणाचाही हात लागला नव्हता.

अफीफा दर्शनामागे धावली. दर्शना पाटीतून पलीकडे गेली. अफीफाने ऋतिकाच्या पाठीवर हात टाकला, तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी रस्त्यावर एका ट्रकने हॉर्न दाबून धरला. पंचांची शिट्टी वाजली. चूक. खो ऐकू आला नाही.

अंबाडीच्या लोकांनी जल्लोष केला. ऋतिका उठायची ती पुन्हा बसली. अफीफा जागच्या जागी उभी होती. शिट्टी तिला ऐकू आली नव्हती, पण सगळ्यांचे चेहरे तिला वाचता येत होते, आणि तिचे ओठ पुन्हा मिटायला लागलेले बापाने बघितले. आता ही पोर परत कधी तोंड उघडणार नाही, असं त्याला वाटलं.

दर्शनाला नुसतं उभं राहायचं होतं. सामना तिच्या खिशात होता. पण तिने हात वर केला आणि ती पंचांकडे चालत आली.

"सर, तिनं खो दिला व्हता. मी ऐकला. म्हणून तर मी वलले."

मैदानात कुजबुज झाली. "अगं, तुला कोनी इचारलाय?" अंबाडीच्या गर्दीतून एक बाई ओरडली. दर्शनाने तिकडे बघितलंसुद्धा नाही. पंच क्षणभर घोटाळले. मग त्यांनी घड्याळ थांबवलं, दोघींना आपापल्या जागी उभं केलं आणि सांगितलं, खो पुन्हा द्यायचा, इथूनच. बारा सेकंद राहिली होती.

दर्शना अफीफाच्या समोर येऊन उभी राहिली. तिने अफीफाच्या डोळ्यांत बघत, ओठ मोठे मोठे हलवत म्हटलं, "मोठ्यानं दे. मी पलनार हाय, सोडनार न्हाय."

अफीफाने ते वाचलं. तिने पोटावर हात दाबला. शिट्टीबरोबर पंचांनी हात खाली आणला आणि तिचा हात ऋतिकाच्या पाठीवर पडला.

"खो!"

अंबाडीच्या गर्दीने ऐकला, दोरीपाशी उभ्या असलेल्या विनिता बाईंनी ऐकला, ट्रकमधून खाली उतरून बघत असलेल्या ड्रायव्हरने ऐकला. लूमने अर्धे कान खाल्लेल्या मोहिउद्दीननेही ऐकला. बोबडा नव्हता, घोगरा होता, आणि त्याच्या आयुष्यात त्याने इतकं गोड काही ऐकलं नव्हतं. ऋतिका बाणासारखी सुटली. दर्शना खरंच पळाली, जीव तोडून पळाली, दोनदा हुलकावणी दिली. तिसऱ्या वेळी ऋतिकाने अंग झोकून दिलं आणि तिच्या बोटांना दर्शनाची टाच लागली. मागोमाग वेळ संपल्याची शिट्टी झाली.

मग काय विचारता! मुलींचा ढीग झाला, त्या ढिगात सगळ्यात खाली अफीफा आणि तिच्या गळ्यात पडलेली दर्शना. अंबाडीच्या बाजारपेठेतून कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळेच वाजवायला लागले. मोहिउद्दीन दोरी ओलांडून आत घुसला, त्याला कुणी अडवलं नाही.

बक्षिसाच्या टेबलाशी पंच कागद घेऊन बसले होते. उत्कृष्ट आक्रमकाचं नाव लिहायचं होतं. त्यांनी अफीफाकडे बघून विचारलं, "नाव काय बाळ?"

मोहिउद्दीनने सवयीने तोंड उघडलं. शाळेत, दवाखान्यात, पाहुण्यांत, तिचं नाव नेहमी तोच सांगायचा. ऋतिकाने त्याचं कोपर घट्ट धरलं. "चाचा, थांबा."

अफीफाने बापाकडे बघितलं नाही. ती टेबलाच्या एक पाऊल जवळ गेली.

"अफीफा मोहिउद्दीन बुबेरे," ती म्हणाली.

पंचांनी पुन्हा विचारलं नाही. सरळ लिहून घेतलं.