सिकाझ्वेच्या ढिगांतली बुरशी

मित्रांनो, मी मातीतली एक जुनी बुरशी. नाक मुरडू नका. मला तोंड नाही, दात नाहीत. पण गवताची जी चिवट काडी तुम्हाला पचत नाही, तिच्यावर मी माझा रस सोडते आणि हळूहळू तिची माती करते. सुखदुःख मला फारसं कळत नाही. काम तेवढं कळतं.

माझं घर झांबियात, म्बालाजवळच्या एका शेतात. इथले मांब्वे लोक पावसाळा सरताना हिरवं गवत कुदळीने उलथून मातीच्या ढिगांत पुरतात. पुढच्या पावसाला ढीग फोडून पसरायचे आणि त्यात नाचणी पेरायची. मधले महिने माझे.

त्या वर्षी अर्ध्या शेतात ढीग घालून झाले आणि शेताचा धनी सिकाझ्वे तापाने गेला. त्याची आई नान्यांग्वे दाराशी बसली ती बसलीच. रडलीसुद्धा नाही. सून कासुबा शेजारच्या बेंबा लोकांतली. तिच्या माहेरी झाडांच्या फांद्या जाळून राखेत पेरतात. उरलेल्या शेतातलं गवत वाळलं, तेव्हा बिचारीने भल्या बुद्धीने पेटवून दिलं. वरच्या थरात होते तेवढी मी होरपळले. आणि गवताची राख ती केवढी! वाऱ्यानेच नेली. शेजारीण म्हणालीच, राखेच्या मुलखातली सून केली की राखच पदरात पडायची.

पाऊस आला. आता सगळी भिस्त सिकाझ्वेच्या ढिगांवर. पण नान्यांग्वे त्यांना कुणाला हात लावू देईना. लेकाच्या हातचं तेवढंच उरलं होतं. नाचणी पेरली नाही तर दोघी वर्षभर खाणार काय? कासुबा रोज कुदळ घेऊन शेताच्या कडेला नुसती उभी राहायची.

शेवटी एका सकाळी म्हातारी स्वतःच आली. एका ढिगात कोपरापर्यंत हात घालून तिने लेकाने पुरलेलं गवत चाचपलं. एक काडी हाताला लागली नाही. काळी, भुसभुशीत माती तेवढी मुठीत आली. ती मूठ तिने सुनेपुढे धरली.

"कासुबा," ती म्हणाली, "त्याचं काम झालंय गं. फोड आता."

"आई, पहिला तुम्ही फोडा."

तिने फोडला. मग तिथेच बसून ती रडली. मला त्यातलं काही कळलं नाही. थोडी ओल लागली, एवढंच.

मित्रांनो, गवत, पालापाचोळा पेटवू नका. मला द्या आणि धीर धरा. दिलेलं मी परत करते, फक्त ते ओळखू येत नाही. त्या वर्षी सिकाझ्वेच्या अर्ध्या शेतातच नाचणी आली. दोघींना पुरली.