एकाहत्तरावा हात

पहूरच्या केळी सोसायटीत ज्याची जमीन मोठी, त्याची कापणी आधी, असा रिवाज होता. चाळीस एकरवाले बन्सीलालभाऊ त्यावर खूश होते. यंदा अर्ध्या एकराच्या कुंदाबाईंनी सभेत ठराव मांडला, की ज्याचे घड आधी तयार, त्याची कापणी आधी. भरभर हात वर झाले आणि भाऊ हरले.

"आता बठ्ठं बुडनार शे!" सगळंच बुडणार म्हणत ते तणतणले.

पण कुणाचाच माल झाडावर पिकून वाया गेला नाही. वेळेवर कापलेली एकसारखी केळी बघून व्यापाऱ्याने सगळ्यांना, अगदी भाऊंनाही, कधी नव्हे तो भाव दिला.

"इथला मालक कोण?" त्याने विचारलं.

सवयीने भाऊ पुढे झाले. मागे वळून बघतात तर बाकीच्या सभासदांचे सत्तर हात वर!

भाऊ दोन पावलं मागे सरून सगळ्यांत उभे राहिले. मग त्यांनीही हळूच हात वर केला, एकाहत्तरावा.