लाकूड, सोनं, हल्ला

उपेंद्र पुण्याचा, त्यामुळे कुणाला काही विचारायची सवय नव्हती. बंगळुरात मारतहळ्ळीच्या कंपनीत बरोबर काम करणाऱ्या चंदनाशी लग्न करायचं त्याने ठरवलं, आणि तिचे वडील रघुजी हाच काय तो अडथळा, हेही त्यानेच ठरवून टाकलं. रघुजींचे पूर्वज कधीकाळी मराठ्यांच्या फौजेबरोबर बंगळुरात आले ते परत गेलेच नाहीत. निवृत्तीनंतर रघुजी राजाजीनगरच्या घरात कॉम्प्युटरवर लढाईचा गेम खेळत. "एकदा आमच्याशी खेळायला या. माणूस खेळात कळतो," उपेंद्रने लग्नाचा विषय काढताच ते म्हणाले. उपेंद्र मनातल्या मनात नाचला. हा गेम तर त्याला तोंडपाठ!

असणारच. त्यात होतं काय? आधी लाकूड तोडा, मग सोनं खणा, मग छावणी बांधा आणि शत्रूवर तुटून पडा. मोहीम वाळवंटातली असो नाहीतर बर्फातली, लाकूडतोडीतून सुटका नाही. बनवणाऱ्यांनी एकदाच डोकं चालवलं आणि पुढे नुसते झाडांचे रंग बदलत बसले. हत्ती तर इतके बावळट, की पुलावर समोरासमोर आले की 'आधी तुम्ही' करत जन्मभर उभे! उपेंद्र त्यांना शिव्या घालायचा आणि तरी खेळायचा. कारण या जगात ही एकच जागा, जिथे सांगितलेलं केलं की ठरलेलं मिळायचं. ऑफिसात बढती अशी मिळत नव्हती, रिंग रोडवर वाट अशी मिळत नव्हती. म्हणून लग्नालाही त्याने तोच नियम लावला. नोकरी झाली, देवनहळ्ळीला प्लॉट झाला, आता सासरा जिंकला की मुलगी.

रविवारी दुपारी दोघं आपापला लॅपटॉप घेऊन बसले. रघुजी लाकूड तोडायचं सोडून गावाभोवती बागा लावत बसलेले. उपेंद्रला हसू आवरेना. त्याचं घोडदळ वेशीशी पोचलं, तट ढासळला, तेवढ्यात रघुजी मान हलवत म्हणाले, "सरी, सरी."

आता बंगळुरात इतकी वर्षं काढून या पठ्ठ्याने कन्नडचं एक अक्षर शिकलेलं नव्हतं. ऑफिसात हिंदीवर भागायचं. त्याला ऐकू आलं 'सॉरी'. एवढा थोरला माणूस आपली माफी मागतो! त्याला अगदी गलबलून आलं. "अहो काका, सॉरी कसलं! लाजवू नका," म्हणत त्याने अख्खं घोडदळ माघारी फिरवलं. ते पुलावर आलं, तर तिथे त्याचेच हत्ती अडकून बसलेले. पुढे हत्ती, मागे रघुजी. रघुजींनी शांतपणे सगळी फौज कापून काढली.

"हातातला डाव का सोडलात हो?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही सॉरी म्हणालात ना..."

"सॉरी? अहो, सरी म्हणालो मी! सरी म्हणजे ठीक आहे, चालू द्या." आणि ते असे हसले, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "म्हाताऱ्याने माफी मागितली म्हणून जिंकता जिंकता थांबलात? असा जावई दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही. जा, दिली मुलगी!"

उपेंद्र पाया पडायला वाकला. तेवढ्यात चंदना कॉफी घेऊन बाहेर आली.

"कुणाला दिली, अण्णा?"

रघुजींनी उपेंद्रकडे बोट दाखवलं.

"उपेंद्र, तू मला कधी विचारलंस?"

वाकलेला उपेंद्र सरळ झाला. खरंच की! रोज एका टेबलावर डबा खायचे दोघं, आणि तेवढंच राहून गेलं होतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "विचारतो ना. आत्ता विचारतो. करशील माझ्याशी लग्न?"

"आत्ता? अण्णांनी देऊन झाल्यावर?"

"चंदना, मुलगा चांगला आहे गं," रघुजी मध्ये पडले.

"मुलगा चांगलाच आहे, अण्णा. म्हणून तर दोन वर्षं मी त्याच्या विचारण्याची वाट बघत होते."

कॉफी ठेवून ती आत गेली. उपेंद्रने रघुजींकडे पाहिलं, रघुजींनी कॉफीकडे. 'होते' म्हणजे आता नाही का, हे आत जाऊन विचारायचा धीर दोघांपैकी एकालाही होईना.