इरमसाठी दुआ

इरम लंडनजवळ नगरसेवक झाली तेव्हा तिच्या बापाने, लतीफभाईंनी, इकडे आखातात माहूजच्या अख्ख्या बिल्डिंगीत मिठाई वाटली होती. आता तर पक्ष तिला पार्लमेंटचं तिकीट देणार होता. सित्राच्या कारखान्यात तीस वर्षं स्टोअर सांभाळलेल्या माणसाच्या डोक्यात थोडी हवा जायचीच.

त्या पक्षात मात्र उभी फूट पडली होती. एका गटाला युरोपशी पुन्हा व्यापाराची सोयरीक हवी होती आणि श्रीमंतांवर जास्त कर. दुसऱ्याला युरोपचं नावही नको, कर कमी हवे. इरम पहिल्या गटात, तिचा नवरा झैद दुसऱ्यात. रोज एका टेबलावर जेवायचे आणि भांडायचे. लतीफभाईंना त्याची भारी गंमत वाटे.

गुरुवारी इरमचा मेसेज आला. 'पप्पा, सोमवारी आम्ही अठरा उमेदवार लीडरच्या बजेटविरुद्ध पत्र काढतोय. कुणाला सांगू नका. दुआ करा.'

आता गावच्या जमातीची रीत अशी, की ऑपरेशन असो, व्हिसा असो, पोराची परीक्षा असो, ग्रुपवर दुआ मागायची. 'कुणाला सांगू नका' म्हणजे परक्यांना, असं लतीफभाईंनी धरलं. जमात काय परकी? शुक्रवारी नमाजाला निघताना त्यांनी सगळं टाकलं, वर लेकीची बाजू वजनदार दिसावी म्हणून अठराचे बावीस केले. शेजारच्या हूऱ्यापासून लंडनपर्यंतच्या गाववाल्यांनी भराभर 'आमीन' लिहिलं. केवढं बरं वाटलं त्यांना!

शनिवारी ते जेवायला बसले होते, तोच इरमचा फोन आला. ती रडत होती.

"पप्पा, it's over. सगळं पेपरात आलं. लीडरने आम्हाला पक्षातून काढलं. तिकीट गेलं."

"अगं, पण फोडलं कुणी?" लतीफभाईंनी अगदी मनापासून विचारलं.

"झैदने! घरात फक्त त्याला माहीत होतं. He hates our side. वर आकडासुद्धा फुगवून दिला. आम्ही अठराच होतो, पेपरात बावीस छापलंय."

लतीफभाईंच्या हातातला घास ताटात पडला. कानात नुसतं बावीस, बावीस वाजू लागलं. समोर बसलेल्या बायकोने, महमुदाने, घाबरून विचारलं, "अवो, काय जाला?"

"कुराणावर हात ठेवून नाही म्हणत होता," इरम बोलतच होती. "मी ऐकलं नाही. त्याची बॅग दाराबाहेर ठेवली. मला खुला हवाय पप्पा, त्याच्यापासून सुटका हवीय. सोमवारी मी काझीकडे जातेय. तुम्ही माझ्या बाजूने आहात ना?"

गप्प बसले असते तर लेकीच्या नजरेत जन्मभर उंच राहिले असते. तेवढा एक क्षण त्यांना मिळाला होता, आणि त्या क्षणात त्यांना हा मोह झाला, हे खोटं कशाला सांगा.

"झैदला घरात घे, इरम," ते म्हणाले. "जमातीच्या ग्रुपवर मी टाकलं. बावीस मीच लिहिले. बाहेर काढायचं तर मला काढ."