ऋषीचा सायलेन्सर

क्रांतीने वळणावरच इंजिन बंद केलं आणि उतारावरून गाडी तशीच घरंगळत नानासोंच्या गोठ्याकडे आणली. तरी नानासो हात वर करून रस्त्यात उभेच होते.

"बाई, तिकडं लिंबाखालीच लावा. कालवड बुजती. मागल्या खेपेला तुमी येऊन गेला आन् तिनं दिवसभर वैरणीला तोंड लावलं न्हाई."

"बंदच केलीया काका."

"व्हय, पर तुमी पलीकडच्या वाडीत हुता तवाच आमाला कळलं की."

नानासोंच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणूनच क्रांतीला ते जास्त लागलं. ती दूध संघाकडे पशुधन पर्यवेक्षक होती. शिराळ्याच्या पश्चिमेला डोंगराच्या पोटातल्या वाड्यावस्त्यांवर लस टोचणं, आजारी जनावर बघणं, अडलेली म्हैस सोडवणं हे तिचं काम. जनावराजवळ जायचं तर पाऊल न वाजवता जावं, बाजूने जावं, आधी बोलावं आणि मग हात लावावा, हे तिला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं. आणि तिच्या बुडाखाली होती ती सगळ्या तालुक्यात नसेल इतकी बोंबलणारी मोटरसायकल.

गाडी तिच्या धाकट्या भावाची, ऋषिराजची. तो सैन्यात होता, सध्या आसामकडे कुठेतरी. मागच्या सुट्टीत त्याने कराडला मित्रांबरोबर जाऊन कंपनीचा सायलेन्सर काढून टाकला होता आणि त्याच्या जागी एक आखूड, चकचकीत, आतून मोकळी पुंगळी बसवली होती. सुट्टी संपल्यावर तो गेला आणि गाडी दारात राहिली. क्रांतीची स्कूटर त्या डोंगरातल्या रस्त्यांनी खिळखिळी होऊन बसली, तेव्हा आईच म्हणाली, "ऋषीची ने की. हुबी राहून गंजायची."

गाडी वाईट नव्हती. एकदा ऑफिसच्या कामाने कराडला जाताना क्रांतीने तिला हायवेवर सोडली होती आणि खरं सांगायचं तर तिलाही मजा आली होती. पण तिचं काम हायवेवर नव्हतं. वाडीच्या रस्त्यावर, दुसऱ्या गिअरमध्ये, हळू चालवायची वेळ आली की गाडीत जीवच राहायचा नाही. मूठ पिळली तरी क्षणभर काहीच व्हायचं नाही, गाडी गुदमरल्यासारखी गचके खायची, आणि मग एकदम उसळी मारायची. मूठ सोडली की मागून फटाके फुटायचे. पुंगळीवर कव्हर नसल्यामुळे तिच्या उजव्या पोटरीवर भाजल्याचा डाग पडला होता. आणि सगळ्यात वाईट म्हणजे कान. गोठ्यात पोचून जनावराच्या छातीला नळी लावली की सुरुवातीला तिला स्वतःच्या कानातली घूं घूंच ऐकू यायची. ठोके मोजायला तिला थांबावं लागायचं, आणि मालक विचारायचा, "काय झालं बाई? लय बिघडलंय का?"

शिराळ्याच्या गॅरेजवाल्याने गाडी फिरवून बघितली होती. "हवा बाहेर जायची वाट मोठी केल्या, पर पेट्रोलचं सेटिंग हाय तसंच हाय. मग खाली पिकअप कसा मिळंल? एकतर सेटिंग करून घ्या न्हाईतर जुना सायलेन्सर लावा. तुमच्या कामाला जुनाच बरा."

तिने त्याच दिवशी ऋषीला फोन केला.

"तायडे, गिअर नीट टाकत न्हाईस तू," तो म्हणाला. "रेस ठेवून चालवायची असती ती."

"म्हशीच्या गोठ्यात रेस ठेवून जाऊ?"

"त्याला हात लावू नगं. मी आल्यावर बघतो."

"कवा येणार?"

"रजा मिळंल तवा."

जुना सायलेन्सर घरातच होता, माळ्यावर पोत्यात गुंडाळून ठेवलेला. पण आईनेही तेच सांगितलं. "त्याची वस्तू हाय बाई. तो येऊ दे." आईचं, बनुबाईचं, म्हणणं एवढ्यावर थांबलं असतं तर क्रांतीने ऐकलंही नसतं. पण क्रांती रोज संध्याकाळी घरी यायची तेव्हा एक गोष्ट घडायची. गाडीचा आवाज ओढ्यापाशी आला की आई हातातलं काम टाकून दारात यायची. डोक्यावरचा पदर सारखा करत, मान उंच करून बघायची. गाडी दारात थांबली, क्रांतीने डोक्यावरचं हेल्मेट काढलं, की आईचा चेहरा किंचित उतरायचा. "आलीस व्हय," असं म्हणून ती आत जायची. तिला माहीत होतं की गाडीवर क्रांतीच असणार, पोरगा हजारो मैल लांब आहे. तरी पाय दाराकडे वळायचे. वडील गेल्यापासून घर क्रांतीच्या पगारावर आणि ऋषीच्या मनीऑर्डरीवर चालत होतं, पण दारात वाट बघितली जायची ती एकाचीच.

थंडीत ऊसतोड सुरू झाली आणि रस्ते ट्रॉल्यांनी भरले. एका दुपारी धोंडुबाईच्या वस्तीवरून फोन आला. म्हैस सकाळपासून अडली होती, रेडकाचे पुढचे पाय बाहेर आले होते आणि पुढे काहीच सरकत नव्हतं. धोंडुबाई एकटी राहायची, डोंगराच्या उंचवट्यावर, टेपावर, आणि तिचं सगळं घर त्या एका म्हशीवर चालायचं.

क्रांती जेवणाचा डबा तसाच बंद करून निघाली. टेपाच्या चढाला लागली आणि पुढे रिकाम्या ट्रॉल्या घेऊन फडाकडे निघालेला ट्रॅक्टर. एका बाजूला चर, दुसऱ्या बाजूला दगडाचा बांध. मागे मागे रांगत जाण्याशिवाय इलाज नव्हता. गाडीने दोन गचके खाल्ले, तिने मूठ पिळली, गाडी गप्प. पुन्हा पिळली तेव्हा ती एकदम उडाली आणि ट्रॉलीला धडकू नये म्हणून क्रांतीने ब्रेक दाबला. गाडी बंद पडली, खडीवरून मागे घसरली आणि तिच्यासकट चरात आडवी झाली.

तिला फारसं लागलं नाही. पण तापलेलं इंजिन सुरू होईना. सेल्फ मारला, किक मारली, थांबली, पुन्हा मारली. तिथून वस्ती दिसत होती. धोंडुबाई परड्यात उभी राहून डोळ्यांवर हात धरून खाली बघत होती. क्रांतीला गाडी तिथेच फेकून पळत सुटावंसं वाटलं, पण औषधांची पेटी, दोऱ्या, सलाईनच्या बाटल्या घेऊन तो चढ पळता आला नसता. शेवटी गाडी सुरू झाली तेव्हा तिला रडू येत होतं आणि रागाने दात आवळले गेले होते.

त्या घाईत ती रोजची गोष्ट विसरली. टेपावरून धोंडुबाईच्या परड्यात उतरायला थोडा उतार होता. इंजिन बंद न करताच तिने मूठ सोडली. मागून फटाके फुटले, एकामागून एक.

गोठ्यातल्या म्हशीने उडी मारली. दावं तुटलं. ती दाराकडे पळाली, शेणाच्या राड्यात तिचे मागचे पाय घसरले आणि ती बाहेर लोंबणाऱ्या रेडकाच्या पायांसकट कुशीवर कोसळली.

पुढचा सगळा वेळ क्रांती जमिनीवर पालथी पडून काम करत होती. रेडकाची मुंडी मागे वळली होती. खांद्यापर्यंत हात घालून तिने ती सरळ केली, दोऱ्या लावल्या, धोंडुबाईने आणि शेजारच्या फडातून पळत आलेल्या दोन माणसांनी ओढलं. रेडकू बाहेर आलं ते मेलेलंच होतं.

क्रांतीने त्याच्या नाकातला चिकटा काढला, छाती चोळली, पाय धरून उलटं केलं. मग ठेवून दिलं. त्याची जीभ सुजून निळी पडली होती. कदाचित ते सकाळीच गेलं असेल. कदाचित ती चरात किका मारत होती तेव्हा गेलं असेल, किंवा म्हैस पडली तेव्हा. ते आता कोणालाच सांगता येणार नव्हतं.

"मावशी, माझ्या गाडीनं..."

"आगं न्हाई," धोंडुबाई म्हणाली. म्हशीच्या पाठीवरून तिचा हात फिरत होता. "व्हायचं हुतं ते झालं. म्हस वाचली न्हवं? तू हात धू. च्या टाकते."

ती दोन शिव्या देती तर क्रांतीला बरं वाटलं असतं. चहा नको म्हणणंही जमलं नाही. ती तिथे बसून प्याली.

घरी आली तेव्हा आई दारात उभी होती. हेल्मेट निघालं आणि रोजच्यासारखा आईचा चेहरा उतरला. मग तिला क्रांतीचे रक्ताने माखलेले कपडे दिसले.

"काय झालं गं?"

क्रांती आत गेली, शिडी लावून माळ्यावर चढली आणि पोतं खाली ओढलं.

"ते ठेव आधी. त्याला इचारल्याबिगार..."

"कुणाला इचारू? तिकडं बसून तो मला गिअर शिकवतोय." क्रांतीचा आवाज तिला स्वतःलाच ओळखू येईना. "आई, तुला तो आवाज पायजे, मला ठाऊक हाय. आवाज आला की तू दारात येतीस, आन् मला बघून तुझं तोंड उतरतं. रोज उतरतं. मी रोज बघते. घरात मी हाय गं. मी रोज येते."

बनुबाई वाटेत उभी होती. ती बाजूला झाली. क्रांतीने पोतं गाडीला बांधलं आणि शिराळ्याला गेली. परत आली तेव्हा गाडी पूर्वीसारखी टुकटुक करत होती. ओढ्याजवळच्या चढावर तिने मुद्दाम हळू चालवून बघितली. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, एकही गचका न खाता वर आली. दारात कोणी नव्हतं. आई चुलीपाशी बसली होती आणि क्रांती मागे उभी राहिली तेव्हा दचकली. "जेवायला वाढू?" एवढंच तिने विचारलं. पुढचे कितीतरी दिवस ती तेवढंच बोलत होती.

ऋषीला कळलं तेव्हा त्याने फोनवर तमाशा केला. गाडी माझी आहे, हात लावू नको म्हणलं होतं, तुझी हिंमतच कशी झाली. क्रांतीने त्याला रेडकाचं सांगितलं. तो म्हणाला, "म्हशी अडत्यातच की. त्यात गाडीचा काय संबंध?" तिने फोन ठेवून दिला.

उन्हाळ्यात तो सुट्टीवर आला आणि आल्या आल्याच पाने-पक्कड घेऊन पुंगळी परत चढवली. क्रांतीने वाद घातला नाही. ती एसटीने आणि पायी फिरू लागली. आई मात्र खुशीत होती, सारखी काहीतरी तळत होती.

एका दुपारी लांबच्या वस्तीवरचा फोन आला आणि त्या वेळी एसटी नव्हती. ऋषी म्हणाला, "चल, सोडतो." मागे क्रांती, मांडीवर पेटी. पहिल्याच खड्या चढावर गाडी गचके खाऊ लागली. त्याने रेस वाढवली, गाडी किंचाळली, पुढे सरकली, पुन्हा गुदमरली आणि बंद पडली.

"डबल सीट हाय म्हणून," तो म्हणाला.

"पेटी घेऊन मी बी डबल सीटच असते," क्रांती म्हणाली आणि उतरून चालायला लागली. तो मागून गाडी ढकलत, थांबत, पुन्हा सुरू करत आला. वस्तीवरच्या म्हाताऱ्याने हात वर करून त्याला लांबच थांबवलं. तिथेच उन्हात गाडीजवळ तो तासभर उभा राहिला. परत येताना क्रांतीला वाटलं, आता तरी तो पुंगळी काढेल.

त्याने काढली नाही. सुट्टी संपली, मिरजेहून रेल्वे होती, मित्र न्यायला आले. निघताना तो आईच्या पाया पडला, क्रांतीला म्हणाला, "तायडे, बघ तुला कसं जमतंय तसं," आणि गेला. ती परवानगी होती की रुसवा, ते तिला कळलं नाही. विचारायला तो थांबलाही नाही.

तिसऱ्या प्रहरी क्रांती अंगणात पोतं पसरून बसली. गॅरेजला बघून बघून तिला जमायला लागलं होतं. पुंगळी सहज निघाली, पण कंपनीचा सायलेन्सर लांब आणि जड. एका हाताने तो तोलून धरायचा आणि दुसऱ्या हाताने नट बसवायचा, हे होईना. दोनदा निसटून तो तिच्या पायाजवळ पडला. तिसऱ्यांदा तिने शिवी हासडली.

आतून आई आली. पदर खोचून ती खाली बसली आणि सायलेन्सरचं मागचं टोक तिने दोन्ही हातांनी उचलून धरलं.

"इथं का आनखी वर?"

"थोडं वर. हां."

क्रांती नट फिरवू लागली. आई तिच्याकडे न बघता म्हणाली, "मी धरला म्हणून त्याला सांगू नगं."

"न्हाई सांगत."

नट फिरत राहिला. फिरतच राहिला. क्रांतीने बोटाने चाचपून बघितलं.

"बसला का?" आईने विचारलं.

"न्हाई. आटे गेल्यात. सारखं काढून घालून."

"मग?"

"मग काय. आता तारेनं बांधायचा, उद्या गॅरेज." सकाळी लवकरच दोन वस्त्यांवर लस द्यायची होती, आणि गॅरेज उशिरा उघडायचं.

आईने टोक सोडलं नाही. "जा, तार आण," ती म्हणाली. "मी धरते तवर."